कोरियातला मालिशचा परवाना : पहिली अट, डोळ्यांना दिसता कामा नये

बहुतेक देशांत मालिशचा परवाना काढायला गेलात, तर किती तास शिकलात, परीक्षा दिलीत का, असं विचारतात. दक्षिण कोरियात आधी डोळे तपासतात. ज्याला नीट दिसतं त्याला परवाना नाही.

ही रीत मूळची जपानची. तिथे रात्री अंध मालिशवाला गल्लीबोळातून शिट्टी वाजवत जायचा आणि सूर ओळखून गिऱ्हाईक त्याला आत बोलवायचं. जपानने कोरिया ताब्यात घेतल्यावर तीच रीत तिकडे गेली. १९१३ मध्ये सोलच्या एका सरकारी संस्थेत अंध मुलांना मालिश शिकवायला सुरुवात झाली. जपानी गेले, अमेरिकी लष्करी प्रशासन आलं आणि १९४६ मध्ये ही व्यवस्था मोडीत निघाली. १९७३ मध्ये वैद्यकीय कायद्यातून ती परत आली.

पण खरी मेख वेगळीच होती. ‘परवाना फक्त अंधांना’ हे वाक्य कायद्यात नव्हतंच, ते होतं मंत्रालयाच्या नियमावलीत. बाबूंनी लिहिलेली ओळ, वर्षानुवर्षं कुणी हटकली नाही. पुढे डोळस मालिशवाले संविधान न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यायालयाने नियम उचलून धरला आणि मे २००६ मध्ये तोच घटनाबाह्य ठरवला. धंदा निवडण्याचं स्वातंत्र्य नुसत्या नियमावलीने कसं हिरावता, हा त्यातला एक कळीचा मुद्दा.

अंधांच्या दृष्टीने ही वकिली कीस काढण्याची गोष्ट नव्हती. हाताला दुसरं काम मिळण्याची मारामार, त्यात हेही गेलं. सोलच्या मापो पुलावर ठिय्या बसला, काहींनी खालच्या हान नदीत उड्या घेतल्या. संसद इतक्या चपळाईने क्वचितच हलते : ऑगस्टमध्ये तेच वाक्य थेट कायद्यात घातलं गेलं. डोळस मंडळी पुन्हा कोर्टात. ऑक्टोबर २००८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. अपंगांचं रक्षण हे राज्याचं कर्तव्य, असं तिथलं संविधानच म्हणतं, त्याचा आधार मिळाला.

जपानने मात्र मधली वाट धरली. तिथे डोळसांनाही परवाना मिळतो, पण अंधांच्या पोटावर पाय येत असेल तर १९६४ पासून डोळसांसाठीच्या नव्या अभ्यासक्रमाला सरकार नकार देऊ शकतं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

आणि सोल? तिथे ‘स्पोर्ट्स मसाज’, ‘थाई मसाज’च्या पाट्या राजरोस झळकतात. आत मालिश करणारे बहुतेक डोळस, म्हणजे कायद्याच्या लेखी बिनपरवाना.