कांस्यशिल्पांची निगा: हिरवा थर काढण्याच्या वादाची पार्श्वभूमी

घासून लख्ख केलेले कांस्य लवकर गंजते आणि तेलाचा हात दिला तर टिकते, हे पहिल्या शतकातील एका रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेवले आहे. पुढील अनेक शतके ही निगा ओतकाम करणाऱ्यांच्या अनुभवावरच चालली. कोळशाच्या धुराने शहरांची हवा बिघडल्यावर परिस्थिती बदलली. पुतळ्यांवर अपेक्षित हिरवी झाक न येता काळपट पुटे का चढतात, याचा शोध १८६० च्या दशकात बर्लिनमध्ये घेतला गेला. त्यासाठी हाडांचे तेल लावलेले आणि न लावलेले नमुने उघड्यावर ठेवून त्यांची तुलना करण्यात आली. बर्लिनच्याच राजघराण्याच्या (रॉयल) संग्रहालयांत १८८८ मध्ये रसायनशाळा सुरू झाली. उत्खननात सापडलेल्या कांस्यवस्तूंवरील गंज विजेच्या साहाय्याने उतरवण्याची पद्धत तिथून रूढ झाली. पहिल्या महायुद्धात भूमिगत बोगद्यांत हलवलेला वस्तुसंग्रह ओलाव्याने खराब झाल्यामुळे लंडनमध्येही १९२० मध्ये अशीच प्रयोगशाळा उभी राहिली.

संग्रहालयातील आणि चौकातील कांस्याचे दुखणे मात्र एक नसते. जमिनीत किंवा समुद्रात राहिलेल्या शिल्पात धातूलगत क्युप्रस क्लोराइड हा तांब्याचा क्षार दडलेला असतो. हवेतील ओलावा आणि ऑक्सिजन मिळताच तो फुलतो आणि फिकट हिरवी भुकटी बाहेर पडू लागते. हवा कोरडी ठेवली तर ही क्रिया थांबते. चौकातील पुतळ्यावर गंधकयुक्त हवेमुळे प्रामुख्याने तांब्याच्या सल्फेटचा थर चढतो. पावसाने धुतला जाणारा भाग फिकट हिरवा पडतो, आडोशाला काळे खवले साचतात आणि पाणी ओघळते तिथे पट्टे उमटतात. चेहऱ्यावर असे पट्टे आले की छाया आणि प्रकाश उलटेपालटे होतात आणि गालाचा उंचवटा खळगा असल्यासारखा भासू लागतो.

हे विद्रूपीकरण खरे होते आणि त्यातूनच १९७० च्या दशकातील वादग्रस्त निर्णय झाला. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक पुतळ्यांवर दाबाच्या हवेने काचेचे बारीक मणी मारून संपूर्ण थर उतरवण्यात आला. उघड्या पडलेल्या धातूवर रसायने आणि उष्णता यांच्या साहाय्याने नवा तपकिरी रंग चढवून वर ॲक्रिलिक लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, देण्यात आले. समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. हिरवा रंग हा कालौघाचा अलंकार नसून क्षरणाची खूण आहे आणि एकोणिसाव्या शतकातील बहुतेक शिल्पकारांना तपकिरी किंवा काळसर छटाच अभिप्रेत होती, असे ते म्हणत. हे दोन्ही मुद्दे बव्हंशी बरोबर आहेत. परंतु गंज हा धातूवर बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. मूळ पृष्ठभागातील तांबेच खनिजरूप होऊन तो तयार होतो. त्यामुळे छिन्नीची बारीक रेघ किंवा कानशीचा माग पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतो आणि थर काढला की तो कायमचा जातो. शिवाय काचेच्या मण्यांच्या माऱ्याने मऊ धातूवर सूक्ष्म खळगे पडतात, म्हणजे शिल्पाचा पोतच बदलतो. लॅकरही काही वर्षांत तडकते, त्याखाली पाणी शिरते आणि ते पुन्हा विद्रावकांनी उतरवावे लागते. मणी मारताना गेलेला पृष्ठभाग मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही. १९८० च्या दशकात आक्षेप वाढत गेले. अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीसारखे सौम्य पर्याय वापरले जाऊ लागले आणि पुढे सौम्य साबणाने धुऊन, धातू गरम करून मेण चढवण्याकडे कल वळला. काळ्या-हिरव्या पट्ट्यांतील तफावत या मेणाने बऱ्याच अंशी झाकली जाते आणि मेण केव्हाही काढता येते, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

याच काळात इटलीत काही शिल्पे उघड्यावरून हलवण्यात आली. रोममधील मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा १९८१ मध्ये चौकातून काढला गेला आणि १९९७ मध्ये त्याच्या जागी प्रतिकृती बसवण्यात आली. १९६६ च्या पुरात फ्लोरेन्समधील बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दारांवरील काही फलक निखळून पडले होते. ती दारे १९९० मध्ये उतरवली गेली. सुट्या होऊ शकणाऱ्या फलकांना रोशेल क्षाराच्या द्रावणात बुडवून सोन्यावर आलेला मळ आणि गंज काढण्यात आला; चौकटीतून सुटे करणे धोक्याचे होते, त्या भागांसाठी लेसर वापरण्यात आले. ही दारे २०१२ पासून नियंत्रित हवेच्या पेटीत आहेत. दक्षिण इटलीतील रियाचेजवळ १९७२ मध्ये समुद्रात सापडलेल्या योद्ध्यांच्या दोन कांस्यपुतळ्यांच्या आत ओतकामाच्या वेळचा मातीचा गाभा तसाच राहिला होता आणि तो क्षार व ओलावा धरून ठेवत होता. पहिल्या दुरुस्तीनंतरही आतून क्षरण चालूच राहिले. अखेर १९९० च्या दशकात पायांतील छिद्रांतून लांब उपकरणे आणि बारीक कॅमेरे आत घालून ती माती थोडीथोडी कोरून काढावी लागली.

क्षरण रोखणारे बेंझोट्रायझोल १९६७ पासून प्राचीन कांस्यवस्तूंसाठी वापरात आले आणि बाहेरच्या पुतळ्यांसाठीच्या लॅकरमध्येही मिसळले गेले. त्याच्या आणि लॅकरमधील टोल्युइन या विद्रावकाच्या आरोग्यावरील परिणामांमुळे आता पर्यायांचा शोध सुरू आहे. मेणाचा थर साधारणतः दरवर्षी नव्याने द्यावा लागतो आणि नेमकी हीच तरतूद मोठ्या दुरुस्तीच्या खर्चापुढे मागे पडते. निगा चुकलेल्या पुतळ्यावर काही वर्षांत पुन्हा पट्टे दिसू लागतात आणि थर खरवडून काढण्याची मागणी पुन्हा पुढे येते.