प्राथमिक शाळेत लय आणि गाणं शिकवणं

प्राथमिक शाळेतला गाण्याचा तास म्हणजे साधारण पहिली ते पाचवीच्या मुलांना एकाच वर्गात, सगळ्यांना मिळून, ताल धरायला आणि सुरात गायला शिकवणं. गुरूसमोर एकट्याने बसून शिकण्यापेक्षा हे काम फार वेगळं आहे, कारण समोर तीस-चाळीस मुलं असतात, त्यातली बरीचशी गाणं शिकायचं म्हणून आलेली नसतात, तास अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि बऱ्याच शाळांत पेटी-तबला नसतोच. महाराष्ट्रात संगीत हा कला शिक्षणाचा भाग धरला जातो. पण प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ गॅदरिंग जवळ आलं की एक गाणं बसवून घेणं एवढाच उरतो, आणि गाणं बसवणं म्हणजे गाणं शिकवणं नव्हे हे इथे स्पष्ट सांगायला हवं.

लय आधी

लय म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचं सारखं अंतर, आणि ताल म्हणजे त्या ठोक्यांचं, म्हणजे मात्रांचं, ठरलेलं, फिरून फिरून समेवर (पहिल्या मात्रेवर) येणारं आवर्तन. लहान मुलाला या व्याख्या सांगून काहीच उपयोग नाही, ती गोष्ट आधी पायात आणि हातात यावी लागते, म्हणून सुरुवात चालण्यापासून करतात, बाई किंवा सर डबा वाजवतात आणि मुलं त्या ठोक्यावर वर्गात फिरतात, डबा थांबला की थांबायचं, हळू झाला की हळू.

मराठी शाळेत लय शिकवायचं सगळ्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे पाढे. "बे एके बे" टाळ्यांवर म्हणून बघा, बे एक मात्रा, एके एक, बे एक, आणि चौथी मात्रा रिकामी, मग "बे दुणे चार" आणि पुन्हा एक रिकामी. दोन ओळींत आठ मात्रा झाल्या, म्हणजे केहरवा या तालाचं एक पूर्ण आवर्तन. पाढे म्हणताना मुलं पळतात ती नेमकी याच रिकाम्या मात्रेत पळतात, कारण शब्द संपला की पुढचा शब्द लगेच तोंडात येतो आणि मधली शांत जागा गिळली जाते. ती जागा सांभाळायला शिकवणं हेच लय शिकवण्यातलं खरं काम, त्यासाठी चौथ्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला न्यायचा, किंवा ओठांवर बोट ठेवायचं, मुलांना हा खेळ म्हणून फार आवडतो.

हे जमलं की मग ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तोंडाने. केहरवा 8 मात्रांचा, धा गे ना ती, ना के धी ना, पहिल्या मात्रेला टाळी आणि पाचवीला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला. दादरा 6 मात्रांचा, धा धी ना, धा ती ना, टाळी पहिलीला आणि खाली चौथीला. केहरव्यावर चालता येतं आणि दादऱ्यावर पाळण्यासारखं झुलता येतं, हा फरक मुलांना आकडे मोजायच्या आधी अंगाने कळतो. या दोन तालांवर बडबडगीतं, भोंडल्याची गाणी, प्रार्थना, समूहगीतं यातलं खूप काही बसतं, त्यामुळे 16 मात्रांच्या तीनतालाची पहिली-दुसरीत घाई करू नये.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मुलं लय "ता" आणि "टी-टी" अशा अक्षरांनी म्हणतात, ही अक्षरं मूळ फ्रान्समधून आलेली. ही कल्पना परदेशातून आली म्हणून आपल्याकडे काही ट्रेनिंगमध्ये नवी म्हणून सांगितली जाते, पण तबल्याचे बोल हेच काम करत आलेत, आधी तोंडाने म्हणायचं आणि मग हाताने वाजवायचं.

वाद्यं म्हणाल तर मंजिरी, खंजिरी, टिपऱ्या, करवंट्या एवढं पुष्कळ झालं. लेझीम असेल तर उत्तमच, कारण तिच्या चकत्यांचा आवाज एवढा स्पष्ट असतो की चाळिसातलं एक पोर जरा मागे पडलं तरी ऐकू येतं, आणि त्याचं त्यालाही ऐकू येतं, कुणी रागवावं लागत नाही. लय पळतेय का हे बघायला रोजचं एक माप शाळेत आहेच, राष्ट्रगीताची पूर्ण आवृत्ती साधारण 52 सेकंदांची धरलेली आहे, घड्याळ लावून बघितलं की वर्ग कुठे धावतो ते कळतं.

सूर

इथली सगळ्यात मोठी चूक पट्टीची, म्हणजे "सा" किती उंच धरायचा याची. गाणं शिकवणारे सर स्वतःच्या खालच्या आवाजात गातात, मुलं तो सूर धरायला जातात आणि आवाज घशातच अडकतो. लहान मुलांचा "सा" पेटीच्या मधल्या सप्तकातल्या काळी एक ते पांढरी तीन या पट्ट्यांच्या आसपास ठेवला तर सा ते प आणि त्याच्या थोडं वरचं गाणंही त्यांना आरामात गाता येतं. दुसरी चूक म्हणजे "जोरात म्हणा!" असं सांगणं, त्याने मुलं गात नाहीत, ओरडतात, आणि ओरडताना शेजाऱ्याचा सूर ऐकू येत नाही.

बेसूर वाटणारं मूल बहुतेक वेळा बोलण्याच्याच आवाजात शब्द म्हणत असतं, त्याला गायचा आवाज अजून सापडलेला नसतो. तो कोकिळेच्या कुहूची नक्कल करून, सायरनसारखा आवाज खालीवर नेऊन, लांबून कुणाला तरी हाक मारून सापडतो. पण होतं काय, गॅदरिंगला अशा मुलाला "तू नुसतं तोंड हलव" म्हणून सांगितलं जातं, आणि माणसं पुढे पन्नाशीत सुद्धा "मला गाता येत नाही" म्हणतात ती तिथूनच. हे वाक्य प्राथमिकच्या वर्गात कुणीही, कितीही मोठा कार्यक्रम असला तरी, उच्चारू नये.

सरगम कधी? गाणी भरपूर झाल्यावर. सा रे ग म सरळ ओळीने घेण्यापेक्षा प-ग ही उतरती जोडी आधी घेतलेली बरी, हाक मारताना आवाज आपोआप जवळजवळ तसाच उतरतो, आणि कोदाय पद्धतीतही सुरुवात याच दोन स्वरांनी करतात. मग सा, रे, ध जोडले की झाला भूप राग. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे ग-म आणि नी-सा ही अर्ध्या स्वराची बारीक अंतरं मुलांना सुरुवातीला सांभाळावी लागत नाहीत.

थोडा इतिहास आणि आजची स्थिती

संगीत घराण्याबाहेर, वर्गात बसवून शिकवायचं हे आपल्याकडे 19व्या शतकाच्या शेवटी रुजलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये संगीतशाळा काढली, विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, पलुस्कर आणि भातखंडे दोघांनीही आपापली स्वरलिपी केली, त्यामुळे गाणं वहीत उतरवता यायला लागलं. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांमधून मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत, मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे कितीतरी गोवेकर त्याच परंपरेतले.

शिक्षण हक्क कायद्यात (2009) कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही शंभरापेक्षा जास्त पट असेल तर. म्हणजे ज्या वयात कान तयार होतो त्या पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच सगळं करणार, आणि त्यांना पेटी येत नसली तरी अडत नाही, स्वतः सुरात आणि हळू गाता आलं पाहिजे.

अशा शिक्षकाला रोज पाच मिनिटांत करता येईल अशी गोष्ट म्हणजे गाऊन हजेरी. मुलाचं नाव प-ग वर गाऊन घ्यायचं, त्याने त्याच दोन स्वरांवर "हजर" गाऊन उत्तर द्यायचं, मधल्या टाळ्या सगळ्या वर्गाने धरायच्या. एकेकट्याचा आवाज असा रोज कानावर पडतो, परीक्षा न घेता, आणि जून महिन्यात एकाच सुरावर "हजर" बोलणारं पोर कधीतरी दिवाळीच्या सुमारास तो दुसरा सूर बरोबर लावतं, तेव्हा आख्खा वर्ग त्याच्याकडे वळून बघतो.