नग्नतेचे अलिखित सेन्सॉर नियम

पडद्यावर किती अंग दिसलेले चालते, याविषयी कायद्यात नसलेले पण कायदा म्हणूनच सांगितले जाणारे संकेत. ‘चुंबनाला कायद्याने बंदी होती’, ‘पाठ चालते, पुढून कात्री’, ‘साडी भिजलेली असली की हरकत नाही’ हे त्यांतले नेहमीचे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात किंवा सेन्सॉरसाठीच्या १९९१ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत असे माप कुठेच नाही. तिथे आहेत ते सभ्यता, नीतिमत्ता, अश्लीलता असे सैल शब्द. मग मोजपट्टी ज्याने त्याने आपापली केली. सेन्सॉरच्या पद्धतीची तपासणी करायला सरकारने नेमलेल्या खोसला समितीने तर १९६९ मध्येच कथेच्या ओघात येणाऱ्या चुंबनाला आणि नग्नतेला सरसकट मनाई नको, असे सुचवले होते.

ओल्या साडीचा संकेत सेन्सॉरहूनही जुना. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती आणि सख्यांची जलक्रीडा आहे, भिजलेली वस्त्रे अंगाला चिकटलेली, आणि नेसणारे सगळे पुरुष नट. चित्रपटांवर सेन्सॉर आणणारा कायदा त्यानंतर, १९१८ मध्ये आला.

परदेशांतही हेच. पलंगावरच्या दृश्यात एक पाय जमिनीला टेकलेला हवा, हा हॉलिवूडचा प्रसिद्ध ‘नियम’ हेज संहितेत (तिथल्या चित्रपट उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेल्या जुन्या नियमावलीत) शब्दशः सापडत नाही. ब्रिटनमध्ये पुरुषाच्या उत्तेजनाचा कोन नकाशावरच्या मल ऑफ किंटायर या स्कॉटिश भूशिरावरून ठरतो, अशी दंतकथा आहे. तिथल्या सेन्सॉर मंडळाने ती नाकारलेली आहे.

फूलनदेवीवरच्या ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटाच्या खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने संदर्भाला महत्त्व दिले: विवस्त्र स्त्रीची धिंड पाहून वासना नव्हे, चीड यावी हा त्या दृश्याचा हेतू. नाशिक जिल्ह्यात हा मुद्दा फार समजावून सांगावा लागू नये. मांगीतुंगीला जैन तीर्थंकर ऋषभदेवांची १०८ फुटी दिगंबर मूर्ती उघड्या आभाळाखाली उभी आहे आणि सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडाकडे निघालेल्या नागा साधूंच्या दर्शनाला लोक लेकराबाळांसह गर्दी करतात.

उलटा गैरसमज मॉर्निंग शोचा. मध्येच घुसडलेले नग्न दृश्यांचे ‘तुकडे’ पडद्यावर आले म्हणजे सेन्सॉरने पास केले असणार, असे प्रेक्षक धरून चालत. प्रत्यक्षात प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात परस्पर फेरफार करणे हा गुन्हा आहे. कापाकापीचा हिशेब प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात नोंदलेला असतो; पडद्यावर मात्र पहिलाच भाग दिसतो, तोही काही सेकंद.