नासाने ग्रहाला नाव दिलं? नाही हो!

पंडित जसराजांचं नाव नासाने एका ग्रहाला दिलं, हा फॉरवर्ड २०१९ पासून फिरतोय. अर्धंच खरंय. एकतर तो ग्रह नाही, मंगळ-गुरूच्या मधला लघुग्रह आहे, २००६ ला सापडलेला, आणि नाव नासा ठरवतच नाही, कक्षा पक्की झाली की आधी नंबर मिळतो, मग शोधणारे नाव सुचवतात आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची कमिटी ते मंजूर करते. पैसे भरून वगैरे काही होत नाही. पुढाऱ्यांना तर मेल्यावर १०० वर्षं थांबावं लागतं (लय भारी नियम!). बाकी नंबर बघा, ३००१२८. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा, आता मागून दोन-दोन आकडे वाचा.