वक्र आणि दिशा : एक्स्ट्रूड पृष्ठभागाची पार्श्वभूमी

कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे आणि आकार रचण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये एखादी वक्ररेषा निवडून ती ठरावीक दिशेने ओढली की तिच्या मागे जो ‘एक्स्ट्रूड’ पृष्ठभाग उमटतो, त्यामागची भूमिती जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गास्पार मोंज जी वर्णनात्मक भूमिती शिकवत, तिच्यात वक्रावरून स्वतःला समांतर सरकणारी सरळ रेषा दंडगोल निर्माण करते, मग तो वक्र वर्तुळ असो वा नसो. संगणकात मात्र ही कल्पना पडद्यावरच्या रेखाटनातून नव्हे, तर धातू कोरून आकार देणाऱ्या मिलिंग यंत्राच्या गरजेतून आली, असे म्हणावे लागते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयटीमध्ये डग्लस रॉस आणि सहकाऱ्यांनी संख्यात्मक नियंत्रणाच्या, म्हणजे आकड्यांच्या सूचनांवर चालणाऱ्या, यंत्रांसाठी एपीटी ही प्रोग्रॅमिंग भाषा विकसित केली. १९५९ साली तिच्या प्रात्यक्षिकात ॲल्युमिनियमचे ॲशट्रे कापून दाखवले गेले. या भाषेतल्या ‘टॅबसिल’ (टॅब्युलेटेड सिलिंडर, म्हणजे कोष्टकातून दिलेला दंडगोल) या व्याख्येत साध्या समीकरणात न बसणाऱ्या आकारावरचे बिंदू कोष्टकासारखे क्रमाने लिहून द्यायचे. प्रोग्रॅम त्यांतून गुळगुळीत वक्र नेई आणि तो एका दिशेला समांतर पसरवी. पुढे कॅड प्रणालींमधील देवाणघेवाणीसाठी आलेल्या आयजीईएस प्रमाणकात हाच प्रकार १२२ व्या क्रमांकाने नोंदला गेला. ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरच्या १९८५ मधील २.१ आवृत्तीने तर आणखी सोपा मार्ग धरला : सपाट रेषेलाच ‘थिकनेस’ नावाचा एक आकडा जोडला की ती भिंतीसारखी उभी राही.

दरम्यान केन व्हर्स्प्रिल यांच्या १९७५ च्या अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठातल्या प्रबंधापासून नर्ब्जचा, म्हणजे नियंत्रण बिंदूंच्या ओढीने वक्राचा व पृष्ठभागाचा आकार ठरवणाऱ्या गणिती पद्धतीचा, पाया घातला जात होता. या पद्धतीत एक्स्ट्रूड पृष्ठभाग म्हणजे नियंत्रण बिंदूंच्या फक्त दोन ओळी : एक मूळ वक्राची आणि दुसरी तिचीच सरकवलेली प्रत. वक्राला दहा बिंदू असतील, तर पृष्ठभागाला वीस. सोय मोठी, पण हा पृष्ठभाग कोणत्या वक्रापासून झाला याची नोंद बिंदूंच्या त्या जाळीत वेगळी उरत नाही. ऱ्हायनो या कॅड सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीने म्हणूनच पूर्ण जाळीऐवजी छेदाचा वक्र आणि मार्ग एवढेच साठवणारी हलकी एक्स्ट्रूजन वस्तू आणली; हजारो तुळया-खांब असलेल्या मॉडेलमध्ये तिचा फायदा लगेच जाणवतो. तिच्यात बूलियन क्रियेने, म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करून, आडवे भोक पाडले, की मात्र सॉफ्टवेअर तिचे रूपांतर अनेक पृष्ठभाग जोडून बनणाऱ्या नेहमीच्या पॉलीसरफेसमध्ये करते.