‘बॉयकॉट’: एका आडनावाचे क्रियापद कसे झाले

‘बॉयकॉट करणे’ हा प्रयोग मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की त्यामागे हाडामांसाचा माणूस होता, हे सहसा ध्यानात येत नाही. इंग्रजीतही हे क्रियापद फार जुने नाही. ते १८८० च्या शरदात, आयर्लंडमधील कुळांचा लढा ऐन भरात असतानाच जन्मले.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हे मूळचे इंग्लंडच्या नॉरफोकचे. सैन्यातील अल्पकाळच्या नोकरीनंतर ते आयर्लंडमध्ये स्थायिक झाले आणि पुढे मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी म्हणून खंडवसुली पाहू लागले. १८७९ मध्ये तेथे पिके बुडाली आणि त्याच वर्षी कुळांची ‘लँड लीग’ ही संघटना उभी राहिली. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. लॉर्ड अर्न १० टक्क्यांपुढे जाईनात, आणि सप्टेंबरमध्ये बेदखलीच्या नोटिसा निघाल्या.

त्याच महिन्यात, १९ तारखेला, एनिस येथील सभेत लँड लीगचे अध्यक्ष व आयरिश नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांनी विचारले होते की, बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचे काय करायचे? ‘गोळी घाला’ असे उत्तर गर्दीतून आले, तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग सांगितला: रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा त्याच्याशी संबंध ठेवू नका. मेयोतील लोकांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावर योजला. गडीमाणसे काम सोडून गेली, दुकानदार माल देईनात आणि पीक शेतात उभे राहिले. अखेर आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून आलेल्या सुमारे ५० स्वयंसेवकांनी ते काढले खरे. पण त्यांच्या संरक्षणासाठी सैनिक व पोलीस मिळून हजाराच्या आसपास माणसे लागली आणि काही शे पौंडांच्या पिकापायी सरकारचे सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले. डिसेंबर उजाडताच बॉयकॉट यांनी आयर्लंड सोडले.

या कृतीला नाव कसे मिळाले, याची हकिकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नोंदवली आहे. वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत ग्रीकमधून आलेला ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंनी ‘बॉयकॉट’ सुचवला. नोव्हेंबर संपण्यापूर्वीच तो वृत्तपत्रांत आला आणि थोड्याच काळात फ्रेंच व जर्मन भाषांनीही तो उचलला. आरंभी या क्रियापदाचे कर्म माणूसच असे. वस्तू, निवडणुका, परिषदा नंतर आल्या.

मराठीत त्यासाठी ‘बहिष्कार’ हा शब्द वापरला गेला, आणि येथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. बॉयकॉट हे कुळांनी सत्तेविरुद्ध उचललेले शस्त्र होते. आपल्याकडचा बहिष्कार मात्र ‘ग्रामण्य’ किंवा ‘वाळीत टाकणे’ या रूपांत जातीची शिक्षा म्हणून शतकानुशतके चालत आला होता. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांनी स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य यांच्या जोडीने बहिष्काराचा पुरस्कार केला तेव्हा शब्दाचा रोख परक्या सत्तेकडे वळला, तरी जुना अर्थ पुसला गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले ते याच जुन्या अर्थाच्या आधारे, आणि जातपंचायतींच्या अशाच शिक्षांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत करावा लागला.