वयभेद

वयभेद म्हणजे समोरच्याचं वय बघून त्याला काय जमेल, काय आवडेल, काय शोभेल हे आपणच ठरवून टाकणं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये याला नाव दिलं आणि वंशभेद, लिंगभेदाच्या पंगतीत बसवलं. तरुणांनाही तो सोसावा लागतो ('तुला अजून अनुभव कुठाय'), पण खरी झळ म्हाताऱ्या माणसांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात तर जगातल्या दर दोनातल्या एकाच्या मनात हा भेद आहे असं म्हटलंय.

पुणे म्हणजे पेन्शनरांचं गाव, सकाळी सारसबागेत नाहीतर तळजाईवर गेलं की दिसतंच, जागोजागी ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं आहेत, त्यामुळे इथे वयाला मान असेल असं वाटतं. आणि तो आहेही, लोक वाकून नमस्कार करतात, एक्क्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन थाटात होतं, पण त्याच कार्यक्रमाचा हॉल कुठला, जेवणात काय हे त्या आजोबांना बऱ्याचदा कोणी विचारलेलंच नसतं. इथला वयभेद शिवी देऊन येत नाही, तो काळजीच्या भाषेत येतो. 'आई तू बस, तुला नाही जमणार', 'बाबा, या वयात कशाला'. दवाखान्यात गुडघा आजीचा दुखतोय आणि डॉक्टर बोलतायत मुलाशी. बँकेतही तेच. 'स्कूटर चालवू नका' हे डोळे तपासून सांगितलं तर ती काळजी, नुसती जन्मतारीख बघून सांगितलं तर वयभेद, एवढा साधा फरक आहे पण घराघरात तोच विसरला जातो.

भाषेत तर हे मुरलेलंच आहे, साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, पिकलं पान. एकट्या राहिलेल्या साठीतल्या बाईने सोबत शोधली की 'शोभतं का' हा प्रश्न आलाच.

आणि ज्यांच्या नावाचा कर्वे रस्ता आपण रोज तुडवतो ते महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, परदेश दौऱ्यावर निघाले, १९४४ मध्ये म्हणजे शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला.

कायदा आहे. २००७ च्या कायद्याने ६० वर्षांवरच्यांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्दही करता येतं. एसटीत ७५ नंतर प्रवास फुकट. पण घरात मत विचारलं जावं यासाठी कुठलं कलम नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे हे ऐकून ऐकून माणसाला स्वतःलाच पटतं. बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात स्वतःच्या म्हातारपणाबद्दल चांगलं मत असलेली माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगलेली दिसली. आपल्याकडे रोज 'राहू दे, मी करतो' ऐकणारी आई काही महिन्यांनी ओटीपी आला की न वाचताच फोन पुढे करते, 'तूच बघ रे बाबा'.